विद्यार्थ्यांचा मनस्ताप आणि वनौषधी: लखनौच्या निमित्ताने एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

परीक्षेच्या दिवसांत झोप उडालेल्या, अन्नावरची वासना गेलेल्या आणि पुढ्यातल्या पुस्तकात मन न लागणाऱ्या विद्यार्थ्याला वनौषधींनी कितपत उतार पडतो, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाच्या एका कोपऱ्यातला वाटतो. परंतु त्यात प्राचीन ग्रंथांचे प्रामाण्य, आधुनिक प्रयोगशाळांची पद्धती, बाजारपेठेचे व्यवहार आणि तरुण पिढीच्या मानसिक आरोग्याची चिंता असे चार प्रवाह एकत्र आले आहेत. आणि वादी-प्रतिवादी बहुधा निरनिराळ्या मुद्द्यांना उत्तरे देत राहिल्यामुळे वाद वाढत गेला, तरी निवाडा फारसा जवळ आलेला नाही.

या वादाची आजची स्थिती मांडावयाची, तर लखनौइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली सुरू झालेल्या मॅरिस कॉलेजामुळे मराठी वाचकाला हे शहर गायनविद्येचे पीठ म्हणून परिचित आहे. परंतु १९२० च्या कायद्याने स्थापन झालेले लखनौ विद्यापीठ, १९११ पासून चालत आलेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय, हकीम अब्दुल अझीझ यांनी १९०२ मध्ये स्थापिलेले युनानीचे तकमील-उत-तिब विद्यालय आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या चार प्रयोगशाळा एकाच शहराच्या हद्दीत नांदत असल्यामुळे, वैद्य, हकीम, औषधशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप तो विद्यार्थी, असे या प्रश्नातील सर्व पक्षकार येथे परस्परांच्या हाकेच्या अंतरावर आहेत.

विवेचनाच्या सोयीसाठी एक भेद आरंभीच करणे इष्ट आहे. विद्यार्थ्यांचा ताण म्हणून जे एका नावाखाली मोजले जाते, त्याच्या निदान तीन पायऱ्या आहेत: परीक्षेपुरती येणारी आणि परीक्षेबरोबर ओसरणारी धास्ती, महिनोन्महिने टिकणारी अस्वस्थता व निद्रानाश, आणि ज्यास वैद्यकीय उपचारावाचून गत्यंतर नाही असा चिंताविकार वा नैराश्य. वनौषधींच्या समर्थकांनी पहिल्या दोहोंविषयी बोलावे आणि आक्षेपकांनी तिसरीविषयी, असे वारंवार घडले आहे.

परंपरेचा वारसा

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मेध्य रसायने म्हणून चार द्रव्ये सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर यष्टिमधूचे चूर्ण, गुडूचीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क, आणि यांत शंखपुष्पीस विशेष मान दिला आहे. सुश्रुताने मेधा व आयुष्य वाढविणाऱ्या रसायनांत मंडूकपर्णीबरोबर ब्राह्मी आणि वचा, म्हणजे आपले वेखंड, यांची योजना केली. आज ज्या अश्वगंधेचे नाव ताणाच्या संदर्भात सर्वांत पुढे आहे, तिची गणना मात्र चरकाने बल्य आणि बृंहणीय, अर्थात बळ देणाऱ्या व शरीर पुष्ट करणाऱ्या, द्रव्यांत केली आहे. ही द्रव्ये एकटी द्यावीत असा ग्रंथकारांचा अभिप्राय नव्हता. रसायनाच्या आधी शरीरशुद्धी, सोबत पथ्य आणि आचाररसायन, आणि मनाच्या विकारांसाठी मनोनिग्रहावर आधारलेली सत्त्वावजय चिकित्सा, असा तो समग्र विधी होता. महाराष्ट्रातील घराघरांत ब्राह्मीचे तेल टाळूवर थापण्याची, वेखंड उगाळून देण्याची आणि सारस्वतारिष्टाची बाटली फडताळात ठेवण्याची जी रीत होती, ती याच वारशाचा घरगुती अवशेष होय.

लखनौत या वारशाला युनानीची दुसरी धारा येऊन मिळते. इब्न सीनाने हृदयास बळ व मनास उल्हास देणाऱ्या औषधांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला होता, आणि त्या परंपरेतील खमीरा गावजबान, खमीरा अब्रेशम, अर्क गावजबान व उस्तुखुद्दूस यांचे कल्प आजही हकीमांच्या नुस्ख्यांत आढळतात. जीवनास आवश्यक अशी जी सहा कारणे युनानी वैद्यक मानते, त्यांत निद्रा व जागृती तसेच मनाची चलनवलने व विश्रांती यांचा अंतर्भाव आहे. म्हणून रात्र रात्र जागणाऱ्या विद्यार्थ्याला खमीऱ्याचा चमचा देण्यापूर्वी हकीमाने त्याच्या झोपेची चौकशी करावी, ही त्या शास्त्राचीच अपेक्षा आहे. यातील उस्तुखुद्दूस ही लॅव्हेंडरच्या कुळातील वनस्पती. युरोपात चिंतेच्या उपचारासाठी ज्याच्या तेलाच्या कुप्यांवर चाचण्या झाल्या, ते लॅव्हेंडर याच कुळातले असले तरी भिन्न जातीचे आहे. यास्तव एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खाती जमा करता येत नाही.

सर्पगंधेचा दाखला

परंपरेतील वनस्पती प्रयोगशाळेत गेल्यावर काय घडू शकते, याचा सर्वांत बोधप्रद दाखला सर्पगंधेचा आहे. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्या मुळीतून अल्कलॉइडे वेगळी काढली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाचे वृत्त प्रसिद्ध केले. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरील आपले अनुभव मांडले. आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केल्यावर दोनच वर्षांत अमेरिकेतील नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवर त्याचा वापर केला. भारतीय मुळीपासून मनोविकारांवरचे एक आद्य आधुनिक औषध निघाले, याचा अभिमान रास्त होता. परंतु पुढे रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत औदासीन्य बळावल्याच्या तक्रारी आल्या, त्यांचे खरे प्रमाण किती यावर दीर्घकाळ खल झाला, आणि अधिक सुरक्षित औषधे आल्यावर त्याचा वापर मागे पडला.

या इतिहासातून दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचा धडा घेतला आहे. परंपरेतील ज्ञानात खरे सत्त्व असू शकते, हे समर्थकांस त्यातून दिसते. आणि ज्या वनस्पतीत मनावर परिणाम करण्याचे खरे सामर्थ्य आहे, तिच्यात अपाय करण्याचेही सामर्थ्य असते, हे आक्षेपकांस. दोन्ही धडे एकाच वेळी खरे आहेत.

लखनौच्या प्रयोगशाळांचे कार्य

१९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले, तेव्हा तिचे बिऱ्हाड गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नबाबी प्रासादात होते. तेथेच १९६० च्या दशकात चॅटर्जी, रस्तोगी व धर यांनी ब्राह्मीतून बॅकोसाइड नावाची सॅपोनिने वेगळी केली, आणि १९८० च्या दशकात एच. के. सिंह व बी. एन. धवन यांनी उंदरांच्या शिकण्याच्या वेगावर ब्राह्मीच्या अर्काचा होणारा परिणाम तपासला. या दीर्घ प्रयत्नांतून ठराविक प्रमाणात बॅकोसाइडे असलेला प्रमाणित अर्क तयार झाला, आणि नव्वदच्या दशकात तो 'मेमरी प्लस' या नावाने बाजारात येऊन परीक्षार्थींच्या घरी पोहोचला. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, या संशोधनाचे मूळ लक्ष्य स्मृती हे होते. ताण हा विषय त्यात मागाहून आला.

सिकंदर बागेतील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने वनौषधींची ओळख व गुणवत्ता यांचे काम केले. तिच्या संचालकपदी पुढे आलेले डॉ. पी. पुष्पांगदन यांनी तत्पूर्वी केरळातील अगस्त्य पर्वतातील काणी आदिवासींकडून आरोग्यपच्चा या श्रमहारक वनस्पतीची माहिती मिळवली होती, आणि तिच्यापासून 'जीवनी' हे औषध तयार झाल्यावर त्याच्या उत्पन्नाचा वाटा काणी समाजास देण्याची तजवीज झाली; ज्ञानाच्या मूळ धन्यास मोबदला देण्याचे ते एक आद्य उदाहरण म्हणून जगभर चर्चिले गेले. तिसरी संस्था, म्हणजे १९५९ साली स्थापन झालेली आणि आज 'सीमॅप' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था. 'पोषिता', 'रक्षिता', 'निमितली-११८' हे अश्वगंधेचे आणि 'सिम-आयु' हे तुळशीचे वाण तिने शेतकऱ्यांस दिले, त्यामुळे पिकात एकसारखेपणा आणण्याची वाट खुली झाली. चौथी विषविज्ञान संस्था जड धातू व कीटकनाशके यांच्या अपायांचा अभ्यास करते, आणि पुढे येणाऱ्या शुद्धतेच्या प्रश्नाशी तिचा संबंध उघड आहे.

मानवी चाचण्यांचा पुरावा

अश्वगंधेविषयी सर्वाधिक उल्लेखिली जाणारी भारतीय चाचणी २०१२ सालची आहे. दीर्घकालीन ताणाची तक्रार असलेल्या ६४ प्रौढांना दोन गटांत विभागून एका गटास मुळीचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोन वेळा असा ६० दिवस आणि दुसऱ्यास तशीच दिसणारी निष्क्रिय कुपी देण्यात आली, आणि अर्क घेणाऱ्यांच्या ताणमापन प्रश्नावलीतील गुण तसेच रक्तातील कॉर्टिसोल लक्षणीय प्रमाणात उतरले. त्यानंतर झालेल्या लहानमोठ्या चाचण्यांचा रोख बव्हंशी तोच आहे. अमेरिकेतील ६० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ३० दिवस रोज ७०० मिलिग्रॅम अर्क वा निष्क्रिय कुपी देऊन जी चाचणी झाली, तीत अर्क घेणाऱ्यांनी झोप व मनाची स्वच्छता सुधारल्याचे सांगितले. २०२२ साली मानसोपचारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने पोषक द्रव्ये व वनौषधींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत चिंताविकारासाठी अश्वगंधेची शिफारस केली, परंतु ती तात्पुरत्या स्वरूपाची म्हणून.

ब्राह्मीचा पुरावा निराळ्या जातीचा आहे. २००१ साली ऑस्ट्रेलियात ४६ निरोगी व्यक्तींवर रोज ३०० मिलिग्रॅम अर्काची जी चाचणी झाली, तीत ग्रहणशक्ती व अस्वस्थता यांत फरक आढळला, पण तो पाचव्या आठवड्यात नव्हे, बाराव्या आठवड्यात. वैद्यकीय विद्यार्थ्यांवर झालेल्या २०१६ च्या सहा आठवड्यांच्या चाचणीत काही स्मृतिपरीक्षांत सुधारणा दिसली, सर्वांत नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातील मुदतीचा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे, कारण बाटली बहुधा परीक्षेचे वेळापत्रक लागल्यावर विकत घेतली जाते, आणि औषधाचा गुण यावयाचा झालाच तर निकालाच्या सुमारास येईल.

या पुराव्याच्या मर्यादा समर्थक व आक्षेपक दोघांनाही सामान्यतः मान्य आहेत. चाचण्यांतील व्यक्तींची संख्या बहुधा शंभराच्या आतबाहेर असते. मुदत चार ते बारा आठवड्यांची. निरनिराळ्या कंपन्यांचे अर्क निरनिराळ्या रीतीने काढलेले. आणि अनेक चाचण्यांचा खर्च त्या अर्काच्या उत्पादकांनी सोसलेला. यांत आणखी एक व्यावहारिक अडचण अशी की, अश्वगंधेच्या मुळीस उग्र दर्प आणि ब्राह्मीच्या पाल्यास चांगला कडवटपणा असल्यामुळे, कोणत्या कुपीत औषध आहे हे घेणाऱ्यास कळू न देण्याची अट पाळणे वाटते तितके सोपे नसते. आणि जेथे मोजमाप विद्यार्थ्याच्या स्वतःच्या सांगण्यावर अवलंबून आहे, तेथे या कळण्याचा परिणाम मोठा होऊ शकतो.

प्रमुख भूमिका

पहिली भूमिका पारंपरिक वैद्य-हकीमांची. ते म्हणतात की, रोग्याची प्रकृती वा मिजाज, ऋतू, अग्नी आणि वय पाहून द्रव्य, मात्रा व अनुपान ठरविणे हाच उपचाराचा गाभा असून, सर्वांना एकच कुपी देऊन काढलेली सरासरी ही त्यांच्या शास्त्राची परीक्षाच नव्हे. शिवाय वनस्पतीतील एक अंश तेवढा वेगळा काढल्यास समग्र द्रव्याचा समतोल बिघडतो. या म्हणण्यात वजन आहे. मात्र प्रकृतिनिहाय उपचाराचीही तुलनात्मक चाचणी आखता येते, हे त्यावरचे उत्तरही तितकेच वजनदार आहे.

दुसरी भूमिका औषधशास्त्रज्ञांची. प्रमाणित अर्क, निश्चित मात्रा आणि पुनःपुन्हा करता येणारा प्रयोग यांवाचून एका वैद्याचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही, असे त्यांचे म्हणणे. १९४० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ लाझारेव यांनी मांडलेली आणि ब्रेखमन यांनी पुढे नेलेली 'अ‍ॅडॅप्टोजेन' ही कल्पना, म्हणजे शरीराची ताण सोसण्याची एकूण शक्ती वाढविणारे द्रव्य, या गटातील अनेकांनी रसायनाच्या कल्पनेशी जोडली. तर काहींच्या मते ती इतकी व्यापक आहे की तिचे खंडन करणेच कठीण.

तिसरी भूमिका मानसोपचार व सार्वजनिक आरोग्य यांतील तज्ज्ञांची. ताणाची कारणे विद्यार्थ्याच्या शरीरात कमी आणि परिस्थितीत अधिक आहेत, हे ते निदर्शनास आणतात. उत्तर प्रदेशात फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेली पोलीस शिपायांच्या ६० हजारांहून अधिक जागांची परीक्षा प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे रद्द झाली, आणि सुमारे ४८ लाख अर्जदारांसाठी ती सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागली. अशा मनस्तापावर कोणत्या काढ्याची मात्रा चालणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या दप्तरी २०२२ साली देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. त्यामुळे औषधी वनस्पतीचा मुख्य धोका तिच्या रसायनात नसून तिच्यावर विसंबून मदत मागण्यास होणाऱ्या विलंबात आहे, असे हे तज्ज्ञ मानतात.

चौथी बाजू स्वतः विद्यार्थ्यांची, आणि ती सहसा ऐकून घेतली जात नाही. गावाकडून येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलामुलींना मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे खर्चाचे वाटते, आणि घरी कळल्यास वेडाचा शिक्का बसेल याची धास्ती असते. उलट चौकातल्या पंसाऱ्याकडून अश्वगंधेचे चूर्ण आणले, तर कोणी भुवया उंचावत नाही. वनौषधींकडील ओढ्यामागे श्रद्धेइतकीच ही सोय व अब्रूची चिंता आहे.

ओळख, शुद्धता आणि कायदा

चाचणीतील अर्क आणि दुकानातील पुडी ही एकच वस्तू असेलच असे नाही. ब्राह्मीचेच पाहावे. पाणथळ जागी जमिनीसरशी पसरणारी, लहान मांसल पानांची आणि फिकट पांढऱ्या वा निळसर फुलांची जी वेल, ती बकोपा. आणि वाटोळ्या, एका बाजूस खाच असलेल्या, कंगोरेदार पानांची ती मंडूकपर्णी. दोहोंचे कुळ वेगळे, रसायने वेगळी. तरी अनेक बाजारपेठांत दोन्ही ब्राह्मी म्हणूनच विकल्या जातात. शंखपुष्पीच्या नावाने तर उत्तरेत एक, दक्षिणेत दुसरीच वनस्पती, आणि केरळात गोकर्ण वापरली जाते. जटामांसीची अडचण आणखी निराळी: हिमालयातील ही वनस्पती बेसुमार तोडीमुळे इतकी दुर्मिळ झाली आहे की, १९९७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

अपायांची नोंद तुरळक, पण दुर्लक्षिण्याजोगी नाही. अश्वगंधेने काहींस सुस्ती व पोटाच्या तक्रारी होतात. यकृतास इजा झाल्याची मोजकी प्रकरणे परदेशी व भारतीय डॉक्टरांनी नोंदली आहेत. थायरॉइडचे रुग्ण, गर्भवती आणि झोपेची औषधे घेणारे यांनी ती टाळावी असा सल्ला आहे. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली, तर भारतातील जाणकारांचे म्हणणे असे की, परंपरेने मुळी सांगितली असता पानांचे अर्क बाजारात येणे हे गोंधळाचे एक कारण आहे. आणि आयुष मंत्रालयानेही २०२१ मध्ये पानांचा वापर टाळण्याची सूचना उत्पादकांस केली होती. बोस्टनमधील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले, या २००४ सालच्या वृत्ताने शुद्धतेचा प्रश्न जगापुढे आणला.

कायद्याची व्यवस्था दुहेरी आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात १९६४ साली आयुर्वेद व युनानी औषधांचे स्वतंत्र प्रकरण आले, आणि ग्रंथोक्त कल्पांस परवाना मिळविण्यासाठी नव्या चाचण्यांची गरज ठेवली गेली नाही. तीच अश्वगंधा पूरक आहार म्हणून विकावयाची, तर अंमल अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा. परिणामी एकाच फळीवर एक डबी औषधाच्या परवान्याची आणि शेजारची अन्नाच्या परवान्याची, अशी स्थिती संभवते, आणि दोहोंतील तफावत ग्राहकाने बारीक अक्षरांतून शोधावयाची असते.

अनिर्णित मुद्दे

पुढील बाबींचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. पहिली, ताणाच्या कोणत्या पायरीवर वनौषधी उपयोगी पडते; कारण बहुतेक चाचण्यांत प्रश्नावलीच्या गुणांवरून निवडलेले प्रौढ असतात, आणि वसतिगृहातील अठरा-वीस वर्षांच्या मुलांविषयीचे निष्कर्ष त्यावरून काढणे धाडसाचे आहे. दुसरी, बारा आठवड्यांपलीकडे, म्हणजे अभ्यासक्रमाच्या तीन-चार वर्षांत, सतत सेवन केल्यास काय होते. तिसरी, नियमित झोप, व्यायाम वा समुपदेशन यांच्या तुलनेत वनौषधीचा वाटा किती. निष्क्रिय कुपीशी तुलना करून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. चौथी, चहा-कॉफीचे अतिसेवन व इतर औषधे यांच्याबरोबर तिचा संयोग कसा होतो. आणि पाचवी, प्रकृतिनिहाय उपचार हा सरसकट उपचारापेक्षा सरस ठरतो की नाही. हा तर वैद्यांच्या भूमिकेचा कणा, आणि त्याचीच कसोटी सर्वांत कमी लागली आहे.

सद्यःस्थितीचा निष्कर्ष

उपलब्ध पुराव्यावरून आज इतके म्हणता येते: टिकून राहिलेल्या सौम्य व मध्यम ताणात अश्वगंधेच्या मुळीचा प्रमाणित अर्क काही आठवडे घेतल्यास थोडा दिलासा मिळण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे, ब्राह्मीचा गुण असल्यास तो संथ आहे आणि ताणापेक्षा स्मृतीच्या बाजूने अधिक, तुळस, जटामांसी, शंखपुष्पी व युनानी खमीरे यांविषयी परंपरेची साक्ष मोठी आणि चाचण्यांची लहान, आणि चिंताविकार वा नैराश्य यांच्या उपचाराची जागा यांपैकी कोणीही घेऊ शकत नाही. २०२२ पासून सुरू असलेली १४४१६ या क्रमांकाची टेलि-मानस सेवा, विद्यापीठातील समुपदेशक आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग यांचा रस्ता विद्यार्थ्यास माहीत करून देणे, हे वनौषधींच्या समर्थकाचेही तितकेच कर्तव्य आहे.

ग्रंथ जाणणारे, वनस्पती ओळखणारे, अर्काची शुद्धता तपासणारे आणि मनाचा आजार पारखणारे असे चौघेही ज्या शहरात आहेत, तेथे त्यांनी एकत्र बसून, उत्पादकाच्या पैशावाचून, पुरेशा विद्यार्थ्यांवर आणि पुरेशा मुदतीची एक चाचणी आखावी, आणि तीत झोप व समुपदेशन यांनाही समान स्थान द्यावे, अशी अपेक्षा या आढाव्यातून स्वाभाविकपणे निघते. ग्रंथकारांनी औषध, आचार आणि मन यांची एकत्रच योजना केली होती. त्या योजनेची एकत्रच परीक्षा होणे, हा या प्रश्नाचा पुढचा आणि बराच काळ राहून गेलेला टप्पा आहे.